चौकशी करून कळवते

सिंहगड रस्त्यावर एक बाग आहे. पाटीवर तिचं नाव पु. ल. देशपांडे उद्यान, पण रिक्षावाल्याला 'ओकायामा' म्हटलं की तो बरोबर तिथेच आणून सोडतो. माझं माहेर त्या बागेपासून चालत पाच मिनिटांवर. गेली अकरा वर्षं मी खऱ्या ओकायामात राहते. पुण्याची ती बाग इथल्या कोराकुएन बागेवरून बेतलेली आहे. इकडच्या लोकांना हे सांगितलं की ते भारावून जातात. तिकडच्यांना सांगितलं की विचारतात, "मग तिथलं तिकीट किती?"

माहेरच्या सोसायटीत महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी सहाला वाचनकट्टा भरतो. माझ्याकडे तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात. फोन कपाटाला टेकवून ठेवायचा, कॅमेरा बंद, आणि इस्त्री करत ऐकायचं, असा माझा सहभाग. या वेळी मात्र पुस्तक माझ्यामुळे निवडलं गेलं होतं. सेइशी योकोमिझो या जपानी लेखकाची 'होनजिन सात्सुजिन जिकेन', म्हणजे होनजिन हत्या प्रकरण. १९४६ साली 'होसेकी' मासिकात क्रमशः आलेली, १९४८ साली तिथल्या रहस्यकथालेखकांच्या संस्थेचं पहिलंवहिलं पारितोषिक मिळवलेली ही कादंबरी. इंग्रजीत मात्र ती थेट २०१९ मध्ये आली आणि त्यानंतर आपल्याकडे पोचली. बंद खोलीतला खून हा तिचा प्रकार, आणि गोष्ट घडते ओकायामा प्रांतातल्या एका खेड्यात. "तुझ्या गावचं आहे, तूच सुरुवात कर," असं काकांनी फर्मावलं आणि मला इस्त्री बंद करावी लागली.

गोष्ट थोडक्यात अशी. साल १९३७, नोव्हेंबर महिना. इचियानागी हे जुनं होनजिनाचं घराणं. एदो काळात सरदार-दरकदार राजधानीला जाता-येता ज्या घरी उतरत, ते होनजिन. तो मान १८७० मध्ये कायद्यानं संपला, घराण्याच्या डोक्यातून संपला नाही. थोरला मुलगा केन्झो, चाळिशीचा, पुस्तकांत बुडालेला. तो एका शाळामास्तरणीशी, कात्सुकोशी, लग्न ठरवतो. तिचं घराणं कुळांचं, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांचं. तिचा बाप आणि काका अमेरिकेला जाऊन चार पैसे कमवून आले आणि त्यांनी फळबागा लावल्या, एवढीच त्यांची नवी ओळख. घरच्यांचा विरोध मोडून लग्न लागतं. त्याच रात्री, पहाटे चारच्या सुमाराला, परसातल्या वेगळ्या दालनातून किंकाळी ऐकू येते, पाठोपाठ कोतो या तंतुवाद्याच्या तारा छेडल्याचा विचित्र आवाज. दारं फोडून आत जावं तर नवरा-नवरी रक्ताच्या थारोळ्यात. सोनेरी पडद्यावर तीन बोटांचे रक्ताळलेले ठसे. बाहेर अंगणात बर्फ पडलेलं, त्यात तलवार रोवलेली, आणि एकही पाऊल उमटलेलं नाही.

कट्ट्यावरचा पहिला आक्षेप आला तो खोलीवरच. निवृत्त बँक मॅनेजर काका म्हणाले, "कागदाच्या भिंतींच्या घरात कसली बंद खोली? आमच्या शनिवारातल्या वाड्यात हा खून दाखवला असता तर गोष्ट वेगळी. दिंडी दरवाजा, कडीकोयंडा, वर अडसर." त्यावर त्यांच्या सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या वाड्यात नवरा-नवरीला मुळात स्वतंत्र खोली कुणी दिली असती?"

काकांचा मुद्दा तसा नवा नव्हता. सरकत्या दारांच्या, लाकूड-कागदाच्या जपानी घरात असली कथा जमणं अवघड, ही तक्रार जपानी रहस्यकथाकारांचीही होतीच. एदोगावा रान्पोनं १९२५ साली तोक्योतल्या चाळवजा वस्तीत तसा एक प्रयत्न करून पाहिला होता. योकोमिझोनं युद्धाच्या काळात बंद खोलीच्या रहस्यांसाठी गाजलेल्या जॉन डिक्सन कारच्या इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या आणि त्याला वाटलं, हे आपल्या मातीत करून बघू. माती म्हणजे अक्षरशः माती. १९४५ मध्ये बॉम्बफेकीमुळे तोक्यो सोडून तो बायको-मुलांसह ओकायामातल्या ओकादा या खेड्यात आला आणि तीनेक वर्षं राहिला. गावकऱ्यांकडून जुन्या घराण्यांच्या कथा ऐकल्या, घरं पाहिली, आणि युद्धात ज्या प्रकारचं लेखन जवळपास बंद पाडलं गेलं होतं ते युद्ध संपताच पुन्हा सुरू केलं.

मी ते गाव पाहिलं आहे. हाकुबी मार्गावर कियोने नावाचं साधं स्टेशन आहे, कादंबरीतला गुप्तहेर किंदाइची कोसुके तिथेच उतरतो. दर नोव्हेंबरात चुरगळलेली टोपी आणि ढगळ हाकामा घातलेले हौशी किंदाइची तिथून ओकादापर्यंत चालत जातात. त्यांत सत्तरीतले आजोबा असतात आणि कडेवरची बाळंही. लेखकाचं ते घर जपून ठेवलेलं आहे. तिथे मी एक बाहेरचं झडपदार ओढून पाहिलं. इथे त्याला आमादो म्हणतात, पावसासाठीचं लाकडी दार. ओढलं तर खाचेतून असं घट्ट बसलं की उघडायला दोन्ही हात लावावे लागले. काकांचा आक्षेप माझ्यापुरता तिथेच निकालात निघाला. कागदाची भिंत आतली. बाहेरून हे घर लाकडाची पेटी असतं. पाण्याला मात्र ही पेटी अडवत नाही. ओकादा ज्या माबी भागात येतं, तिथेच २०१८ च्या जुलैत नदीचा बांध फुटला आणि पन्नासहून अधिक माणसं गेली, बहुतेक वयस्कर. हे कट्ट्यावर सांगितलं नाही, विषय दुसराच होता.

आता इथून पुढे रहस्य फुटणार आहे. ज्यांना कादंबरी वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावं, मी रागावणार नाही. रहस्य न फोडता मला जे म्हणायचंय ते म्हणता येत नाही.

खुनी बाहेरून आलेलाच नाही. केन्झोनं नववधूला मारलं आणि मग स्वतःला. तलवारीला बांधलेली कोतोची तार जवळच्या पाणचक्कीकडे नेलेली. पहाटे चक्कीचं चाक फिरू लागलं, तार गुंडाळली गेली, आणि तलवार वरच्या फटीतून बाहेर ओढली गेली. ते विचित्र आवाज त्या तारेचे. तीन बोटांचं गूढही कोतोतच आहे, हे वाद्य अंगठा आणि पुढच्या दोन बोटांना नख्या लावून वाजवतात. गंमत म्हणजे खोली बंद करणं हा मूळ बेतच नव्हता. बाहेरचा कुणी चोर-दरोडेखोर येऊन गेला असं भासवायचं होतं. आयत्या वेळी बर्फ पडलं, पावलांचे ठसे नसणार हे लक्षात आलं, आणि बेत बदलावा लागला.

या भागावर कट्टा तासभर भांडला. आमच्या सोसायटीतले एक इंजिनिअर वहीत आकृती काढूनच आले होते. घर्षणाचा हिशेब करून त्यांनी जाहीर केलं की तार बांबूच्या कडेशी तुटणार. दुसऱ्या बाजूनं युक्तिवाद आला की दागिन्यांच्या दुकानात चोर भुयार खणून शिरतात तेव्हा तुम्ही घर्षण मोजता का? ताईची मुलगी, बारावीतली, म्हणाली, "मला पाणचक्की आवडली. म्हणजे खून करणारा मेलाय आणि चाक आपलं काम करतंय." त्या संध्याकाळचं सगळ्यात चांगलं वाक्य तेच होतं. माझं मत विचाराल तर युक्ती ओढूनताणून आणलेली आहे, पण तिच्यातली एकही वस्तू परकी नाही. कोतो, विळा, बांबू, चक्की, दगडी दिवा: सगळं त्या अंगणातलंच. परदेशी साचा आणून त्यात घरचं सामान भरणं कसं असतं ते मला रोज पोळ्या करताना कळतं. इथल्या कणकेच्या.

मग हेतूवर बोलणं आलं.

लग्नाआधी कात्सुकोनं केन्झोला खरं सांगितलं होतं. तरुणपणी एका मुलावर तिचं प्रेम होतं, त्यानं तिला फसवलं, आणि ती कुमारिका नाही. केन्झो कसा माणूस? दुसऱ्याचा हात लागलेली वस्तू अल्कोहोलनं पुसून घेणारा. त्याला हे सहन होईना. पण लग्न मोडणंही जमेना, कारण सगळ्या भाऊबंदांशी भांडून त्यानं ते ठरवलं होतं. आता माघार घेतली तर सगळे म्हणणार, बघ, आम्ही सांगत होतो. मग तिला मारायचं, स्वतः मरायचं, आणि आत्महत्या केली असंही कुणाला कळू द्यायचं नाही, कारण तीही हार.

माझ्या ऑफिसात एक ऑस्ट्रेलियन सहकारी आहे, रहस्यकथांचा किडा. त्यानं ही कादंबरी इंग्रजीतून वाचली. युक्तीला त्यानं पैकीच्या पैकी गुण दिले आणि हेतूला शून्य. "असल्या कारणासाठी कोण मरतं?" इंग्रजीतून वाचणाऱ्या बऱ्याच परदेशी वाचकांची हीच तक्रार मी ऐकली आहे. पुण्यात नेमकं उलटं झालं. पाणचक्कीवर तासभर भांडलेल्या मंडळींना हेतू पटवून द्यायला एक मिनिटही लागलं नाही. अल्कोहोलची गोष्ट निघताच एक आजी म्हणाल्या, "म्हणजे सोवळ्यातला." आणि माघार का घेत नाही यावर काका म्हणाले, "नाक." बस्स. ऑस्ट्रेलियन माणसाला मी अर्धा तास समजावत होते ते पुण्यात दोन शब्दांत मिटलं. मला क्षणभर अभिमान वाटला, आणि लगेच, कसला अभिमान, असंही वाटलं.

कारण पुढचं बोलणं ऐकण्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाले, "१९३७ ची गोष्ट आहे, त्यातून खेडं." कुणी म्हणालं, जपान्यांत इज्जतीचं जरा जास्तच. मग कुणीतरी महाराष्ट्रातला विषय काढला. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री नवरीची कौमार्य चाचणी घ्यायची प्रथा आहे आणि त्याच समाजातल्या तरुण-तरुणींनी काही वर्षांपूर्वी पुण्या-पिंपरीतून तिच्याविरुद्ध उघड मोहीम चालवली, हे सगळ्यांना माहीत होतं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे, २०१९ मध्ये सरकारनं अशी चाचणी हा लैंगिक अत्याचाराचा गुन्हा धरू असं सांगितलं, तेही निघालं. पण ज्या सुरात निघालं तो सूर असा, की बघा, अमुक लोकांत अजून असं चालतं. मार खाऊन, बहिष्कार सोसून बोलणारी ती मुलं आम्हाला आमच्यापेक्षा मागासलेली वाटत होती. आमच्यातलं कोण कधी आपल्या घरातल्या लग्नाबद्दल असं चव्हाट्यावर बोललंय?

जपानीही हेच करतात. इथे कुणाकडे हा विषय काढला तर ते म्हणतात, ती इनाकातली गोष्ट, म्हणजे गावाकडची. तोक्योवाल्यांसाठी ओकायामा इनाका, ओकायामावाल्यांसाठी माबी, आणि माबीतल्या माणसाला विचारलं तर तो डोंगरापलीकडे बोट दाखवतो. परदेशात राहिल्यानं अक्कल येते असं नाही, पण दोन्हीकडची बोटं एकदम दिसतात.

कादंबरीत कात्सुकोच्या बाजूनं उभे राहणारे दोघेच आहेत. तिला वाढवणारा काका गिन्झो आणि त्यानं बोलावलेला गुप्तहेर किंदाइची. दोघेही अमेरिकेत राहून आलेले. गिन्झो तिथे कष्ट करून, किंदाइची सॅन फ्रान्सिस्कोत उनाडक्या करून, नशेच्या नादाला लागून आणि मग सावरून. कट्ट्यावर मी हा मुद्दा मोठ्या उत्साहानं मांडला. घराण्याच्या बाहेर गेलेल्या माणसालाच घराणं नीट दिसतं, वगैरे. माना डोलल्या. "म्हणजे तुझ्यासारखे," असं आई मागून म्हणाली तेव्हा मला गुदगुल्या झाल्या.

त्याच रात्री झोपताना मला सहा वर्षांपूर्वीचा एक फोन आठवला.

मावशीचा होता. तिच्या दिरांच्या मुलासाठी स्थळ आलं होतं, मुलगी जपानात नोकरीला. ओकायामात नाही, ओसाकात, पण मावशीच्या दृष्टीनं जपान म्हणजे एकच सोसायटी. "तू तिथेच आहेस, जरा चौकशी कर ना. मुलगी तशी चांगलीच असणार, पण एकटी राहते, कुणाबरोबर वगैरे... तुला कळतंय मी काय म्हणते ते." मला कळत होतं. मी म्हणाले, "चौकशी करून कळवते." रागावले नाही, हसले नाही, फोन ठेवला नाही. आणि मी खरंच चौकशी केली. ओसाकातल्या भारतीयांच्या दिवाळीत भेटलेल्या एकीला विचारलं, तिनं आणखी एकीला. चार दिवसांनी मावशीला कळवलं, "चांगली आहे, काही नाही तसं." लग्न झालं. ती मुलगी आता पुण्यात असते. तिच्याबद्दल विचारपूस झाली होती हे तिला माहीत नाही. आणि समजा 'तसं' काही असतं, तर मी काय कळवलं असतं, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारलाही नव्हता.

रहस्यकथेतला गुप्तहेर खून झाल्यावर येतो. खऱ्या आयुष्यातल्या गुप्तहेरांचं मोठं काम लग्नाआधीचं असतं, हे मला इथे आल्यावर कळलं. जपानात खाजगी चौकशी करणाऱ्या संस्थांना कोशिन्जो म्हणतात आणि मुला-मुलीच्या घराण्याची माहिती काढणं हा त्यांचा जुना धंदा. १९७६ पर्यंत दुसऱ्याची कुटुंबनोंद सरकारी दफ्तरात जाऊन कुणीही पाहू शकत असे. १९७५ साली ओसाकात एक प्रकरण उघडकीस आलं. पूर्वापार अस्पृश्य मानलेल्या बुराकु वस्त्यांच्या गावांची नावं-ठिकाणं छापलेली पुस्तकं गुपचूप विकली जात होती आणि दोनशेहून अधिक कंपन्यांनी ती नोकरभरतीसाठी घेतली होती. लग्नाच्या चौकशीतही हेच पाहिलं जाई. १९८५ मध्ये ओसाका प्रांतानं अशा चौकशीला आळा घालणारा नियम केला. आपल्याकडे तर असा धंदा उजळ माथ्यानं चालतो. मुंबई-पुण्यात लग्नापूर्वीची माहिती काढून देणाऱ्या डिटेक्टिव्ह एजन्सी राजरोस जाहिराती करतात, आणि ज्यांना ते परवडत नाही त्यांना माझ्यासारखी भाची असते. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आम्ही लहानपणी रात्र-रात्र वाचला. त्याला कुणी मुलीची चौकशी करायला पाठवलं असतं तर तो काय म्हणाला असता कोण जाणे.

म्हणून मला वाटतं, या कादंबरीवरचा वाद चुकीच्या जागी होतो. ऑस्ट्रेलियन म्हणतो हेतू पटत नाही, आम्ही म्हणतो पटतो, आणि दोघेही केन्झोकडेच बघतो. काकूंनी कट्ट्याच्या शेवटी एक गोष्ट म्हटली होती, घाईत कुणी उचलली नाही. त्या म्हणाल्या, "नवरी बोलतच नाही हो पुस्तकात." खरं आहे. मी जपानीतून अडखळत पुन्हा चाळून पाहिलं. कात्सुको कळते ती इतरांच्या तोंडून: काकाकडून, मैत्रिणीकडून, सासरच्यांच्या नाकं मुरडण्यातून. तिनं आयुष्यात केलेली एक धाडसाची गोष्ट, नवऱ्याला खरं सांगणं, तीसुद्धा आपल्याला तिसऱ्याकडून समजते. योकोमिझोवर माझा राग याच जागी आहे. पाणचक्कीचं चाक कसं फिरलं हे त्यानं टप्प्याटप्प्यानं समजावलं आणि ते वाक्य बोलताना त्या बाईच्या मनात काय होतं याला दोन ओळी दिल्या नाहीत. १९४६ चा काळ होता, रहस्यकथा अशाच लिहीत, हे सगळं मान्य करूनही. गिन्झोला शेवटी जे कळतं ते ऐकून त्याचं काय झालं असेल, यावर मी स्वतःच बराच वेळ विचार करत बसले. अमेरिकेत राबून मिळवलेल्या पैशातून त्यानं मुलीला शिकवलं, मास्तरीण केलं. त्या शिक्षणानंच तिला खरं बोलायची हिंमत दिली असणार.

आमच्या वस्तीतल्या कोमिनकानात, म्हणजे समाजमंदिरात, दर गुरुवारी एक आजी मला जपानी शिकवतात. ऐंशीच्या जवळ आल्या आहेत, शाळेत शिक्षिका होत्या. कादंबरी त्यांनी तरुणपणी वाचलेली, सत्तरच्या दशकात योकोमिझोची लाट आली तेव्हा, सिनेमांसकट. मी त्यांना हेतूबद्दल विचारलं. मला वाटलं, इनाका म्हणतील. त्यांनी पिशवीतून पर्सिमन काढला, सोलायला घेतला आणि म्हणाल्या, "माझ्या लग्नाआधी एक माणूस आला होता. आमच्या गल्लीत चार दिवस फिरला. तांदळाच्या दुकानात विचारलं, न्हाव्याकडे विचारलं, शाळेच्या शिपायाला विचारलं." फोडी करून त्यांनी माझ्यापुढे सरकवल्या. "लग्न झालं म्हणजे त्यांनी बरंच सांगितलं असणार. पण कुणी काय सांगितलं, ते मला अजून माहीत नाही. नवऱ्याला माहीत होतं. तो गेला."

फोड तोंडात टाकली. मावशीच्या त्या फोनबद्दल त्यांना सांगण्याइतकं जपानी मला येत होतं. मी पुढचा धडा काढला.